पोर्ट गावलो?

"अरे निलेश, पोर्ट दुसऱ्याच्या ताब्यात आहे. मी माझं लावू कुठे?"

कानांवर हेडफोन असले की माणसाला आपला आवाज कळत नाही, तसे गौरवीचे झाले होते. ती मेजाशी बसून बोलत होती आणि तिचे बोलणे जनेलातून, उघड्या खिडकीतून, थेट फणसापर्यंत पोचत होते. पडवीत तिचे बाबा, सगुण तांडेल, कुणाच्या तरी गाईचे दावे वळत बसले होते. त्यांचे हात थांबले.

"फाइलला हात लावू नकोस," पलीकडून पुण्याचा निलेश म्हणाला. तो तिचा टीम लीड. तीन वर्षांत तिने त्याला फक्त पोस्टाच्या तिकिटाएवढ्या चौकोनात पाहिले होते. "पोर्टच्या यादीला प्लॅटफॉर्म टीमची मंजुरी लागते. त्यांना लिही आणि थांब."

थांबण्यात गौरवी पटाईत होती. पर्वरीचे ऑफिस बंद होऊन सगळे घरून काम करू लागले, तेव्हापासून कारापूरच्या या घरात ती सकाळी नऊला मेजाशी बसायची आणि संध्याकाळी उठायची. वय छत्तीस. लग्नाचे विचारणारे विचारून थकले होते. दिवसभरात दहा माणसांशी बोलणे व्हायचे, पण त्यांतल्या एकालाही तिच्या हातचा चहा कसा असतो ते ठाऊक नव्हते.

काम तसे आवडीचे होते. कंपनीने आपली बावीस अॅप उचलून एकाच मोठ्या फोल्डरात आणून ठेवली होती. त्याला मोनोरेपो म्हणत. गौरवीच्या लेखी ती एका आवारातली बावीस बिऱ्हाडे होती: विहीर एक, वाट एक, आणि कुणी आपल्या परसात खड्डा खणला तरी बाकीच्यांना विचारायचे. त्या आवारात तेविसावे घर बांधायचे काम तिच्याकडे आले होते. शाळेची बस कुठवर पोचली ते आईबापांना दाखवणारे अॅप. सोमवारी सकाळीच तिने फोल्डर केला, यादीत नाव घातले, लॉगिन आणि बटणे सामायिक सामानातून जोडून घेतली, आवृत्त्यांची भांडणे मिटवली. सगळे जमले आणि दाराशी येऊन अडले. प्रत्येक अॅपला उभे राहायला एक क्रमांक दिलेला असतो, तो त्याचा पोर्ट. गौरवीला मिळालेल्या क्रमांकावर बाविसांत न मोजलेले कुठले तरी जुने अॅप आधीच ठाण मांडून बसले होते.

दुपारी ताटावर बाबांनी विचारले, "गो बाय, पोर्ट बंद आसा?"

गौरवीचा घास हातातच राहिला. कारण पोर्टचे नव्हते. बाबांनी आपणहून काही विचारले, याचे होते.

तीन वर्षांपूर्वी आई गेली, शेवंती. त्याच्या वर्षभर आधी खाणी बंद झाल्या होत्या आणि मांडवीच्या धक्क्यांवरून मुरगावला खनिज नेणाऱ्या बार्जी जागच्या जागी उभ्या राहिल्या होत्या. एकतीस वर्षे बार्जीवर काढलेला माणूस घरी आला, आणि ज्या बाईकडे घरी यायचे ती वर्षाच्या आत निघून गेली. तेव्हापासून सगुण तांडेल बोलायचे ते मोजके. जेवण वाढ. लाइट गेली. पाव हाडलो. मनाला लागलेले असे काही ते बोलतच नसत. घरात दोन माणसे होती आणि दोघेही एकटे होते. गौरवीला याचे फार वाईट वाटे, पण वाईट वाटते हे सांगायलाही कुणीतरी बोलते माणूस लागते.

"बंद ना, बाबा," ती म्हणाली. "दुसरो कोण तरी लागून आसा थंय. ताणें सोडल्याबगर आमकां जागो ना."

"कितले दीस जाले?"

"कोण जाणा. म्हयने जाले आसतले."

"आनी पोर्टवाले कितें म्हणटात?"

"कागद धाड आनी राव म्हणटात."

बाबा हसले. खरेच हसले, पुढचा पडलेला दात दिसेल इतके. "ते अशेंच म्हणटात," ते म्हणाले. "नांगर घालून रावपाचें. हांव एकदां तीन दीस रावलां. शीत संपलें, उदक संपलें, पांडुरंग रडूंक लागलो." मग त्यांनी ती सगळी हकीगत सांगितली. बार्जीवरचा जोडीदार पांडुरंग कसा रडला, इंजिन सांभाळणाऱ्या कृष्णनाथाने गळ टाकून मासळी कशी काढली, आणि शेवटी जागा मिळाली तेव्हा सुकाणू धरलेला सुदेश झोपेत कसा होता. ताटातली आमटी निवून गेली. गौरवीने दुसऱ्यांदा भात वाढून घेतला, तो नुसता बसायला कारण हवे म्हणून.

बाबा कोणत्या पोर्टबद्दल बोलत होते ते तिला कळत होते. हा पोर्ट तो नव्हे, एवढे एक वाक्य बोलायचे होते. संध्याकाळी सांगू, असे तिने ठरवले.

संध्याकाळी नऊ तासांचे काम संपवून ती उठली तर बाबा दारातच उभे. "पोर्ट गावलो?"

"ना, बाबा."

"गावतलो," ते म्हणाले, आणि तिच्यासाठी चहाचा कोप घेऊन आले. स्वतः केलेला. साखर दुप्पट होती. तिने तो शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला आणि सांगायचे राहून गेले.

मंगळवारी ते दर दोन तासांनी जनेलाशी येऊ लागले. कामात असलेल्या माणसाला व्यत्यय नको म्हणून आधी खोकायचे, मग विचारायचे. गौरवीही आता हेडफोन काढून उत्तर द्यायची. प्लॅटफॉर्म टीमने पत्राला पोच दिली, हे तिने निलेशच्या आधी बाबांना सांगितले. तेविसाव्या घराची चिंता करणारी आता दोन माणसे झाली होती, आणि त्यांतले एक माणूस एकाच छपराखाली होते. तिला शाळेतल्यासारखे हलके वाटत होते. सांगायचे कशाला, असे मनातला एक कोपरा म्हणू लागला. पोर्ट गावेपर्यंत तरी कशाला?

बुधवारी सकाळी बाबांनी सरळ विचारले. "मुरगावचोच न्हय गो?"

त्याच क्षणी निलेशचा फोन वाजू लागला. गौरवीने हेडफोन उचलला आणि म्हटले, "हूं."

हूं म्हणजे हो नव्हे. हूं म्हणजे ऐकले, हूं म्हणजे नंतर बोलू, हूं म्हणजे काहीही. पुढे तिने स्वतःला हे पुष्कळदा समजावले. पण जनेलाशी उभ्या असलेल्या माणसाला जे ऐकायचे होते ते त्याने ऐकले, आणि त्याने ते ऐकावे म्हणूनच ती तसे म्हणाली होती.

फोन आटोपल्यावर ती बाहेर आली. "बाबा, जो थंय लागून आसा, ताचो धनीच गावना. जाणें तें बांदलें तो काम सोडून गेलो. आतां विचारप कोणाक?"

सगुण तांडेलांनी दाव्याचा पीळ पायाच्या अंगठ्यात धरून ठेवला आणि विचार केला. "धनी नाशिल्ली बार्ज कोण विचारीत बसना," ते म्हणाले. "पोर्टाचो मनीस येता, चार दीस नोटीस लायता, आनी ओडून काठार व्हरता. तुवें जागो मागूं नाका. ती बार्ज ओडून व्हरात म्हण. जागो आपसूक मोकळो जातलो."

गौरवी बघतच राहिली. तीन दिवस ती नवा क्रमांक मागत होती, आणि नवा क्रमांक म्हणजे नवी मंजुरी. जुने अॅप दोन वर्षे कुणी वापरलेलेच नव्हते. तिने आत जाऊन नवे पत्र लिहिले: या अॅपला मालक नाही, ते बाजूला काढावे. गुरुवारी संध्याकाळपर्यंत उत्तर आले की हरकत नाही, काढत आहोत.

"भारी सुचलं तुला," निलेश म्हणाला.

"मला नाही. बाबांना सुचलं."

"अरे वा, ते पण आयटीत?"

"बंदरात होते," गौरवी म्हणाली. तीन वर्षांत पहिल्यांदाच तिने त्या चौकोनी चेहऱ्याला घरचे काही सांगितले होते.

शुक्रवारी सकाळी दहाला तिने सगळ्या आवाराला एकदम उठवणारी आज्ञा दिली. पडद्यावर ओळी धावू लागल्या. एकेक अॅप जागे होत गेले, आणि सगळ्यांत शेवटी तिचे तेविसावे, हिरव्या अक्षरांत, आपल्या क्रमांकावर उभे राहिले. ब्राउझरात पिवळी बस दिसली. गौरवी खुर्चीवरून उठून ओरडली, "बाबा! पोर्ट गावलो! सुरू जालो!"

बाबा धावत जनेलाशी आले. पडदा पाहायला नव्हे, तिचे तोंड पाहायला. "खरेंच?"

"खरेंच! सकाळींच मोकळो केलो तांणी!"

त्यांनी डोळे मिटून हात जोडले. मग खुंटीवरचा शर्ट काढला, छत्री घेतली. "पांडुरंगागेर वचून येतां," म्हणाले. आई गेल्यापासून ते कुणाच्या घरी गेले नव्हते. पायऱ्या उतरताना त्यांनी कठड्यालाही हात लावला नाही. गौरवी त्या पाठमोऱ्या माणसाकडे पाहत राहिली आणि तिला, आता लाज वाटते पण खरे ते खरे, फार फार आनंद झाला.

शनिवारी सकाळी आवारात तिघे जण आले.

पांडुरंगाने केस कापून मिशीला काळा रंग लावला होता आणि तो वरच्या ओठावरही थोडा उतरला होता. कृष्णनाथाने बंदरात शिरायचा जुना पास प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणला होता. मुदत कधीच संपलेली, फोटोतले केस दाट. सुदेश पेडण्याच्या टोकाहून, केरीहून, दोन बस बदलून आला होता. तिथल्या एका रिसॉर्टवर तो राखणदार होता. बाबा धुतलेल्या शर्टात पडवीत उभे होते आणि प्रत्येकाला खांद्याला धरून आत घेत होते. त्यांचा आवाज एवढा मोठा गौरवीने बार्जीच्या दिवसांनंतर ऐकला नव्हता.

"मॅनेजराक सांगून आयलां," सुदेश म्हणाला, "सोमारासावन दुसरो बघ म्हणून."

गौरवी ताटलीत उंडे पाव आणि चहाचे कोप घेऊन दारात आली होती. ते वाक्य कानावर पडले आणि तिला सगळे एकदम समजले: बार्जी पुन्हा सुटणार म्हणून त्याने नोकरी सोडली होती.

"तशें कशें कोणाक खबर ना?" कृष्णनाथ विचारत होता. "पेपरार ना, टीव्हीर ना."

"पेपरार येवपाक आठ दीस लागतात," बाबा म्हणाले. "आतां सगळें कम्प्युटरार आसता. म्हजें चेडू पोर्टाचें काम करता. काल धा वरांचेर मुरगांव सुरू जालो. म्हज्या म्हुखार सुरू जालो. सांग गो बाय."

चारही माणसे तिच्याकडे पाहू लागली. पांडुरंग ओठावरचा रंग पुसायचा विसरून तोंड उघडे ठेवून बसला होता. गौरवीला वाटले, हो म्हणावे. निदान चहा पिऊन होईपर्यंत हो म्हणावे. पण सुदेशची नोकरी जाणार होती, आणि एक हूं आधीच झाले होते.

"बाबा," ती म्हणाली, "तो पोर्ट वेगळो."

"वेगळो म्हणजे?"

"कम्प्युटराच्या भितरलो. नंबर आसता एक. ताका पोर्ट म्हणटात. मुरगांवचो न्हय. मुरगांवचें माका कांयच खबर ना."

फणसावर खार ओरडत होती. बाबा तिच्याकडे पाहत होते. त्या पाहण्यात राग असता तर तिला बरे वाटले असते. त्यांना बुधवारचे हूं आठवले, हे तिला स्पष्ट दिसले. आता ते म्हणतील, हांवें विचारिल्लें तुका, आनी तूं हूं म्हणालें. म्हणू देत, सगळ्यांसमोर म्हणू देत, असे तिला मनापासून वाटत होते.

सगुण तांडेलांनी हात कानामागे नेला. "आं?" ते म्हणाले.

मग हसले आणि मित्रांकडे वळले. "कान गेले रे म्हजे. चेडू सांगता एक, हांव आयकतां दुसरें. इंजिनाच्या आवाजान गेले. कोणाक सांगूंक ना, लज दिसता म्हणून."

"तुजे कान?" पांडुरंग म्हणाला. धुक्यात दुसऱ्या बार्जीच्या इंजिनाचा आवाज सगळ्यांत आधी ऐकणारा माणूस म्हणून सगुण तांडेलांचे मांडवीभर नाव होते. तीन वळणांपलीकडे पाव विकणाऱ्या पोदेराच्या सायकलचा भोंगा वाजला की पिशवी घेऊन उभे राहणारा हा माणूस. पांडुरंगाने एकदा बापाकडे, एकदा लेकीकडे पाहिले. "जातात," तो हळूच म्हणाला. "वयान जातात."

"बाबा, चूक म्हजी," गौरवी म्हणाली, "हांवेंच तुमकां..."

"चाय थंड जाता," बाबा मोठ्याने म्हणाले. "सुदेशाक उंडो दी."

सुदेश मात्र उंडा न घेताच उठला. फणसाखाली जाऊन त्याने फोन लावला. "साहेब," तो म्हणत होता, "नाही साहेब, तसं नाही, साहेब..." कोकणीतला माणूस मराठीत विनवणी करू लागला की ती फार लांबवर ऐकू येते. बाकीचे तिघे चहात पाहत राहिले. थोड्या वेळाने तो परत आला आणि म्हणाला, "ये म्हणलो." मग सगळ्यांनी उंडे खाल्ले. कृष्णनाथाने पास पिशवीत नीट घालून वरच्या खिशात ठेवला आणि खिशाचे बटण लावले. पावसापाण्याचे बोलून, तब्येतीचे विचारून माणसे गेली. जाताना प्रत्येक जण बाबांच्या कानाशी वाकून, मुद्दाम मोठ्याने "येतां हां" म्हणून गेला.

फाटकाशी पांडुरंग एकटाच मागे वळला. "चेडवा," तो गौरवीला म्हणाला, "कालची रात आमी निजूंक ना. बरी गेली रात." एवढे बोलून तो निघाला.

दुपारी जेवताना गौरवीने सगळे सांगितले. हूं का म्हटले तेही सांगितले, बोलणे हवे होते म्हणून, तुमचे बोलणे हवे होते म्हणून. रडली. बाबा भात कालवत होते. तिचे संपल्यावर त्यांनी मान वर केली.

"आं?" ते म्हणाले.

गावात बातमी पसरायला काही वेळ लागत नाही. सगुण तांडेलाचे कान गेले, हे सोमवारपर्यंत दुकानात, देवळात, सगळीकडे झाले. आता लोक त्यांच्याशी ओरडून बोलायचे आणि तेही कानामागे हात नेऊन अर्धवट उत्तर द्यायचे. मित्रांपुढे एकदा म्हटले ते म्हटले, त्यात त्यांनी कुठे फट ठेवली नाही. घरातसुद्धा नाही. मंगळवारी पोदेराचा भोंगा वळणावर वाजला, दारासमोर वाजला, पुढे निघून गेला, आणि बाबा पडवीत दोर वळत बसून राहिले. पिशवी खुंटीलाच होती. गौरवी अनवाणी धावत रस्त्यावर गेली तोवर सायकल खाली उतरून गेली होती. त्या दिवशी घरात पाव नव्हता.

हे आपल्याला वाचवण्यासाठी की आपल्याला शिक्षा म्हणून, हे तिला ठरवता येईना. कदाचित दोन्ही असेल. त्यांनी लेकीला चारचौघांत खोटे पडू दिले नाही. त्यासाठी आपले कान देऊन टाकले. आणि कान दिल्यावर बोलणेही आपोआप गेले.

बुधवारी निलेशने तिला चोविसावे अॅप उभे करायला सांगितले. तिने आठवडाभरात लिहून ठेवलेली पद्धत आता सगळ्या टीमला वाटली होती. तीत एक कलम होते: जागा मागण्याआधी मालक नसलेले अॅप शोधून बाजूला काढावे. सगळ्यांनी त्याची तारीफ केली होती, अंगठ्यांची चित्रे पाठवली होती. या वेळी कुठेच अडले नाही. फोल्डर, नाव, सामायिक सामान, क्रमांक. साडेअकराला हिरवी अक्षरे आली.

गौरवीने हेडफोन काढून मेजावर ठेवला. जनेलातून बाबांची पाठ दिसत होती. ते तुटलेल्या दोराची दोन टोके जोडत होते, पेड सुटे करून एकात एक ओवत, बार्जीवर जोडायचे तसे. मधे चांगले दहा-बारा पावलांचे अंतर होते आणि डोक्यावर पंखा घरघरत होता.

"बाबा," ती म्हणाली. ओरडून नव्हे. पंख्याच्याही खालच्या आवाजात, जवळजवळ स्वतःशीच. "पोर्ट गावलो."

बाबांचे हात थांबले. एक पेड अर्धा आत, अर्धा बाहेर, तसाच बोटांत राहिला. त्यांनी मान वळवली नाही. गौरवी बघत होती.

मग त्यांनी तो पेड आतून ओढून घट्ट केला आणि दुसरा हातात घेतला.